पोचट भात

वडिलांचे दिवस कालच झाले. आज गिरणीजवळ भाताच्या कोंड्याचा वास आला आणि गावाकडचं, औंढ्याचं आमचं खळं आठवलं. त्या वर्षी भात निसवताना, लोंब्या बाहेर पडतानाच पाऊस गेला होता. पण पीक कमरेएवढं उभं होतं, म्हणून कोणी घाबरलं नव्हतं. वडील तिवईवर चढून सुपातलं भात वाऱ्यावर सोडू लागले. एरवी भरलेला दाणा पायाशी पडून त्याची रास व्हायची, पण या वेळी सगळंच उडून कुंपणापाशी गेलं. "वारं लय हाय," असं हातानंच खुणावत ते थांबले. वारा मंदावल्यावर पुन्हा सोडलं, तर तेही तरंगत गेलं. रास होईतो खळ्यावर बोलायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज, तो मोडून आई म्हणाली, "आवं, वाऱ्याला कशाला बोल लावताय? दाणाच न्हाई त्यात." वडिलांनी भाताचा एक दाणा सोलला. आत तांदूळ नव्हता, नखाला नुसती पांढरी पूड लागली. "आता पेरायला बी कुटनं आणू?" ते म्हणाले. आई कुंपणापाशी बसून उडालेल्या ढिगात भरलेले दाणे चाचपू लागली. वर्षभर खायचं काय, हे दोघंही बोलले नाहीत. आता दोघंही नाहीत, आणि त्या न बोलण्याने मी आजही हादरतो.