उत्तर उद्याच्या अंकात

नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा मी नाशिकहून रोज सिन्नरला जायचो. तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी होती. सव्वासातची एसटी, डावीकडची खिडकी आणि चार पानांचा एक फुकट पेपर, अशी सकाळ ठरलेली.

पेपरात वाचण्यासारखं थोडंच असायचं. फ्लॅटच्या, शिकवण्यांच्या, पैठणीच्या सेलच्या जाहिराती, कुठल्या भागात पाणी येणार नाही ते, आणि शेवटच्या पानावर शब्दकोडं. स्टँडवर गठ्ठा येऊन पडायचा. आमचे कंडक्टर त्यातले वीसेक अंक उचलून गाडीत वाटायचे आणि सिन्नरला उतरताना परत मागायचे. "वाचा, पण न्यायचा नाय. परतीच्या लोकांनी काय वाचायचं?"

कोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी छापून यायचं. ते ताडून पाहायला मी सकाळी कंडक्टरांकडून माझा कालचा अंक मागून घेई. पेन्सिलीमुळे तो लगेच ओळखू यायचा. एकदा पाहतो तर मी सोडलेली घरं कुणीतरी निळ्या बॉलपेनने भरलेली. बरोबर भरलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी येत असलेलेही दोन-तीन शब्द सोडू लागलो.

असं तीन वर्षं चाललं. सिन्नरहून परतणाऱ्यांत बहुतेक कारखान्यांतले रात्रपाळीवाले असत. माझा निळा पेनवालाही त्यांतलाच, असं मी धरून चाललो. पुराणातली नावं माझी. भाज्या, आजार आणि सिनेमे त्याचे. क्रिकेटचं दोघांनाही काही यायचं नाही. 'ळ' तो फार गोल काढायचा. कागदाच्या कोपऱ्यावर पुष्कळदा पिवळट तपकिरी डाग असायचा, चहाचा. पन्नाशीचा सुपरवायझर, वाचनाची आवड असलेला, घरी बोलायला कुणी नसलेला, असा माणूस मी मोहदरीच्या घाटात रोज थोडा थोडा तयार करत गेलो. कंडक्टरांना विचारावं असं खूपदा मनात आलं. पण एवढ्याशा गोष्टीची चौकशी करायची म्हणजे कसंतरीच, म्हणून राहिलं.

एका शुक्रवारी पहिल्या पानावर चौकट आली: हा अंक शेवटचा. कारण दिलं नव्हतं, फक्त आभार होते.

"फुकट होता, तोही परवडला नाही यांना," मागच्या सीटवरून एक जण म्हणाला.

"तुला परवडत होता ना? मग झालं," शेजारचा म्हणाला आणि त्याने खिडकीला डोकं टेकलं.

मला वेगळीच घाई झाली होती. तो कोण हे कळायला आता एवढाच एक कागद हातात होता. मी निम्मं कोडं रिकामं ठेवलं आणि समासात लिहिलं, 'आपण कोण?' खाली माझं नाव लिहावं की नाही, या विचारात स्टँड आला.

शनिवारी गठ्ठा नव्हता. मी कंडक्टरांकडे कालचा अंक मागितला.

"तो नाय. सिस्टरनी नेला."

"कोण सिस्टर?"

"दवाखान्यातल्या. नाइट करून परत जातात. तुमचं कोडं त्याच सोडवतात ना." तिकीट फाडता फाडता ते थांबले. "सर, तुम्हाला ठाऊकच नाय? त्यांनी तर पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, हे पेन्सिलवाले कोण म्हणून. मी सांगितलं, खिडकीतले चष्मेवाले, कॉलेजात पुस्तकं सांभाळतात."

"मग?"

"मग काय? तुम्ही रजा टाकली की आख्खं कोडं त्यांच्यावर पडायचं. लय चिडायच्या."

"मी कडेला काही लिहिलं होतं..."

"दाखवलं मला. म्हणाल्या, बघा, आत्ता विचारतायत. अंक न्यायचा नाय म्हटलं, तर म्हणे उद्या कुणाला वाटणार आहात?"

कागदावरचा डाग चहाचा नसून आयोडीनचा होता, हे मला घाट चढताना कळलं.

सिन्नरला मी उतरलो आणि तिथेच गाडीजवळ उभा राहिलो. परतीचे लोक चढू लागले. स्वेटर घातलेल्या एक बाई माझ्यापाशी थांबल्या. माझ्याहून लहानच असतील. जागरणाने डोळे लाल झाले होते. त्यांनी पिशवीतून घडी केलेला अंक काढला.

"चार घरं राहिलीत. घरी जाऊन बसले, पण नाही आलं. तुम्हाला येतंय?"

मी पाहिलं. बाद होण्याचा एक प्रकार, असं सूत्र होतं. क्रिकेटचंच. खाली नेहमीसारखं छापलं होतं, उत्तर उद्याच्या अंकात. आम्ही दोघंही त्या ओळीकडे बघत राहिलो.

दारात उभ्या असलेल्या कंडक्टरांनी वाकून कागदावर नजर टाकली.

"यष्टिचीत," ते म्हणाले. "चढा सिस्टर, टाइम झाला."

आणि त्यांनी घंटीची दोरी ओढली.