देल्मिराचा रेशमी झगा

ब्वेनोस आयरेसमध्ये टँगो सगळेच ऐकतात. पण गाण्याच्या पोटात काय दडलंय ते समजून घ्यायचं, तर आमच्या बोएदो वस्तीतली माणसं माझ्या दुकानात येतात. मी आन्सेल्मो, न्हावी. वस्तऱ्याइतकीच माझी जीभ चालते, आणि त्याचा मला फार माज होता.

देल्मिरा स्कार्पिनो समोरच्या चाळीत राहायची. लोकांचे कपडे इस्त्री करायची. आईबाप गेल्यावर धाकट्या भावाला, ओविदियोला, तिनेच वाढवलं. तो गाणी लिहायचा. त्याचं पहिलं गाणं कॅफेतल्या स्पर्धेत निवडलं गेलं, तेव्हा पहिल्या रांगेत चारचौघींसारखं बसता यावं म्हणून तिने जन्मात पहिल्यांदा रेशमी झगा घेतला. दोन हिवाळे जास्तीचे शर्ट इस्त्री करून साठवलेले सगळे पैसे त्यात गेले. एरवी बारा महिने सुतीच.

त्या हरामखोराने पुढचं गाणं त्याच झग्यावर लिहिलं. बोटांवर इस्त्रीचे डाग असलेली एक पोर सुती झगा खिळ्याला टांगते, रेशीम घालून मोटारीत बसते, आणि कोपऱ्यावरचा दिवा डोळे मिटून घेतो. महिन्याभरात ते रेडिओवर वाजायला लागलं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, टँगोतलं सुती कापड म्हणजे आईचं घर, गरिबी, अब्रू. रेशीम म्हणजे श्रीमंताच्या नादी लागलेली बाई. आणि बोटांवर डाग अन् अंगावर रेशीम अशी पोर आमच्या गल्लीत एकच होती.

तिचं लग्न ठरलं होतं ओनोरियोशी. तो ट्राम चालवायचा. रिवाजाप्रमाणे मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी तो तिच्याकडे जाऊन बसायचा.

एका शनिवारी सकाळी तो दाढीला आला. मी साबण लावला, तसा हळूच म्हणाला, "काका, त्या गाण्यातलं रेशीम म्हणजे नक्की काय हो?"

तो कोणाविषयी विचारतोय ते मला लख्ख कळलं होतं. पण बाकावर चार गिऱ्हाइकं कान टवकारून बसलेली. मला चेव आला.

"अरे बाबा, टँगोत रेशीम कधी कापड असतं का? पोरगी हातची गेली, हे सांगायची ती तऱ्हा! आणि तो दिवा म्हणजे आपली सगळी गल्ली. लाजेने डोळे मिटते!"

"वा काका, मानलं तुम्हाला!" बाकावरून कोणीतरी ओरडलं.

ओनोरियो अर्ध्या दाढीनिशी तोंड पुसून उठला. त्या संध्याकाळी तो देल्मिराकडे गेला नाही. पुन्हा कधीच गेला नाही.

आठवड्याने तिने भावाला माझ्या दारातच गाठलं.

"मोटार कुठली रे? कोणाची?"

"ताई, गाणं आहे ते! बहिणीने भावासाठी झगा घेतला असं लिहिलं असतं, तर कोण रडलं असतं?"

"मी," ती म्हणाली.

तो खांदे उडवून चालता झाला. मग ती आत आली. मला वाटलं, भावाची गाऱ्हाणी सांगेल.

"तो मतलबी निघाला. जाऊ दे, मीच वाढवलाय," ती म्हणाली. "पण काका, झगा आणला त्या दिवशी सगळ्यांत आधी तुम्हाला दाखवायला आले होते मी. ओनोरियोने विचारलं, तेव्हा 'अरे, तिने भावासाठी घेतलाय तो,' एवढं तुमच्या तोंडून निघालं नाही?"