बाबा पुन्हा वाचायला शिकत होते

बाबा परवा गेले. तेव्हा ते लेव्हल तीनवर होते.

मी अंधेरीत दुसरीच्या वर्गाला शिकवते. आमच्या शाळेत मुलांच्या वाचनासाठी लेव्हलची पुस्तकं आहेत. लेव्हल एकला पानावर एकच ओळ, मोठं अक्षर, मोठं चित्र. पुढे ओळी वाढत जातात, चित्र लहान होत जातं. काही पुस्तकं गोष्टींची, काही माहितीची.

बाबा तीच वाचत होते. सत्तरी ओलांडल्यावर.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका सकाळी ते मुलुंडच्या घरी बाल्कनीत पेपर घेऊन बसले आणि आईला म्हणाले, "पेपरवाल्यान आज गुजराती पेपर टाकल्यान."

आईने बघितलं. पेपर मराठीच होता.

त्यांनी पेपरवाल्याला फोन लावून झापलंसुद्धा. दुसऱ्या दिवशीही पेपर 'गुजराती'च आला, तेव्हा आईने मला फोन केला.

छोटा स्ट्रोक होता. हात-पाय ठीक, बोलणं ठीक, डोळेही ठीक. फक्त वाचता येणं गेलं होतं. डॉक्टरांनी कागद पुढे केला, तर बाबांनी स्वतःचं नाव व्यवस्थित लिहिलं. मग तोच कागद वाचायला दिला.

बाबा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "ह्या कोणाचा नाव?"

मरोळच्या कारखान्यात टर्नर होते ते. शिक्षण जेमतेम, पण पेपर पहिल्या पानापासून टेंडर नोटिसांपर्यंत वाचायचे. सगळा. रोज.

थेरपिस्ट म्हणाली, सोप्यापासून सुरुवात करा. माझ्याकडे सोपं म्हणजे लेव्हल एक.

पहिलं पुस्तक नेलं ते एका बेडकाचं. बेडूक छत्री मागतो. बाबांनी बोटाने एकेक अक्षर मांडीवर गिरवलं. गिरवलं की ओळखू यायचं. एक ओळ होईपर्यंत चहा गार झाला. मग पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं.

"बेडूक बोलता? माका खुळो समाजतस काय गो?"

आई आतून म्हणाली, "तेंका बालवाडीत बसवलंस तू."

पुढच्या वेळी मी माहितीची पुस्तकं नेली. मुंगीचं घर. विहीर कशी खणतात. ती त्यांनी ठेवून घेतली.

पण सोसायटीत कोणाला कळायला नको होतं. म्हणून बाल्कनीत बसताना पेपर उघडायचे आणि आत मुंगीचं पुस्तक धरायचे. खालून कोणी विचारायचं, "काय म्हणतोय पेपर, काका?"

"तेच ते," बाबा म्हणायचे.

लेव्हल दोन संपायला बरेच महिने गेले. कधी कालचं अक्षर आज ओळखू यायचं नाही. एकदा रागाने चष्मा फेकला. दुसऱ्या दिवशी काच बदलून आणली आणि परत बसले.

लेव्हल तीनची माहितीची पुस्तकं आमच्याकडे मोजकीच. ती संपली. मग मी घाबरत घाबरत एक गोष्टीचं नेलं. एका मुलीची शेळी बाजारात विकली जाते, त्याची गोष्ट.

मी म्हटलं, "बाबा, ह्यात कोणी प्राणी बोलत नाही."

"बघूया," म्हणाले.

ते पुस्तक त्यांनी पेपरात लपवलं नाही. संध्याकाळी आईला मोठ्याने वाचून दाखवायला लागले. एखादं पान, कधी अर्धंच. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी आईला पेपरातली बातमी सांगितली असेल, पण वाचून कधी काही दाखवलं नव्हतं. आई कुकर लावून समोर बसायची.

मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मला त्यांचा फोन आला.

"गो, ती शेळी परत येता काय?"

"मी नाही सांगणार. वाचा तुम्ही."

"वाचतंय तर," म्हणाले आणि फोन ठेवला.

परवा दुपारी जेवले, आडवे झाले, उठले नाहीत.

फोन येतायत. मी सगळ्यांना हेच सांगतेय. जेवले, आडवे झाले, उठले नाहीत. लोक म्हणतात, पुण्यवान माणूस. मी हो म्हणते. शेजारच्या भाभींनी थर्मासमधून चहा आणून ठेवलाय, तो पिते. कपबशा विसळते. मला रडू आलेलं नाही. का, ते माहीत नाही.

आज सकाळी घरात आम्ही दोघीच होतो. आई म्हणाली, "त्या शेळयेचा फुडे काय झाला?"

मला आधी कळलंच नाही, ती काय विचारतेय.

पुस्तक टीव्हीच्या खणात होतं. पुढची पानं थोडीच होती. मी वाचायला लागले, तर आईने हात वर केला.

"ते वाचीत तसा वाच. सावकाश."

मी सावकाश वाचलं. ती मुलगी चालत दुसऱ्या गावात जाते. शेळी तिथे अंगणात असते, तिला करडू झालेलं असतं. मुलगी तिला पाला घालते, बराच वेळ तिच्याजवळ बसते. मग एकटीच घरी येते.

पुस्तक संपलं.

आई म्हणाली, "तेंका वाटलेला, ती परत येतली."

मी पुस्तक परत खणात ठेवलं. मग बेल वाजली, कोणीतरी भेटायला आलं होतं. आई पदर सारखा करून उठली.

बाबा, सांभाळून जा.
तुम्हाला शेवटचा नमस्कार.