चार वाजताचं जेवण

मूल रोड असणं हा आमच्या घराण्यात आईबापाचा अपमान समजला जातो. मी लहानपणी चांगला गुटगुटीत होतो. पाहुणे यायचे, माझे गाल ओढायचे आणि आईला शाबासकी देऊन जायचे. त्या गुटगुटीतपणाचं पुढे काय झालं ते विचारायला मात्र कुणी परत आलं नाही. चाळिशीच्या आतच मला मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पाठोपाठ रक्तदाबाची गोळी आली, आणि आता स्टेशनचा जिना चढताना गुडघे कुरकुरतात. त्याचीही सवय झाली होती.

मग मुलीची वेळ आली. ती इथे जपानात, एदोगावा भागात, घराजवळच्या जपानी शाळेत तिसरीत होती. शाळेतल्या तपासणीनंतर तिला डॉक्टरांना दाखवा असं सांगण्यात आलं. बालरोगतज्ज्ञ बाई अगदी हळू आवाजात बोलणाऱ्या होत्या. वजन आत्ताच आवरलं नाही, तर मोठेपणी मधुमेह, रक्तदाब, यकृतावर चरबी असं सगळं मागे लागू शकतं, असं त्यांनी समजावलं. घरात कुणाला मधुमेह आहे का, असं विचारल्यावर मी वर्गात करतात तसा हात वर केला. त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली. बापाकडून मुलीने नाक घ्यावं, हट्टीपणा घ्यावा, गोळ्यांची डबी कशाला घ्यावी?

पण ही एवढं खाते कधी, हेच आम्हाला कळेना. उलट शाळेत तिची उपासमार होते अशी आमची खात्री होती. इथल्या शाळेत डबा नसतो. सगळ्या मुलांना एकच जेवण, वर्गातच वाढलेलं. आज उकडलेला मासा, उद्या समुद्री शेवाळाचं सूप. आमच्याकडे कधीमधी अंडं आणि चिकन होतं, पण ही शेवाळ काय खाणार? "जेवण कसं होतं गं?" असं विचारलं की ती "फुत्सू" म्हणायची, म्हणजे ठीकठाक. पोर किती सोसते, असं वाटून बायकोचा जीव तुटायचा. ती घरून काम करते, त्यामुळे चारच्या सुमाराला दप्तर खाली पडायच्या आत ताट तयार असे: वरणभात, वर तुपाची धार, बटाट्याची भाजी, पोळी. याला आम्ही खरं जेवण म्हणायचो. रात्री मी ऑफिसातून आलो की मला सोबत म्हणून मुलगी पुन्हा जेवायला बसायची. आणि रविवारी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर माझी आई म्हणायची, "वाळली रे पोरगी." तेव्हा पोरगीचा चेहरा फोनच्या पडद्यात मावत नसे.

पुढच्या महिन्यात शाळेने पालकांना जेवायला बोलावलं. मुलं काय खातात ते पालकांनी मुलांबरोबर बसून खाऊन पाहायचं, अशी पद्धत आहे. मी सुट्टी काढून गेलो. लहानशा खुर्चीत कसाबसा बसलो. पांढरे ॲप्रन आणि टोप्या घातलेल्या मुलांनी भात, मासा, कोबी आणि सूप वाढलं. माझी मुलगी समोर बसून शेवाळाचं सूप असं प्यायली, जसं मी चहा पितो. माशाचा काटासुद्धा तिने सफाईने बाजूला काढला.

मग वाढणाऱ्या मुलांनी सांगितलं की भात आणि मासा उरलाय. झालं, पाच-सहा मुलं उठून पुढे गेली. उरलेलं कुणाला मिळणार हे इथे जानकेनवर ठरतं, म्हणजे दगड-कागद-कात्रीवर. आमची उपाशी मुलगी त्या घोळक्याच्या मध्यभागी बाह्या सरसावून उभी होती. एकेकाला हरवत ती मासा घेऊन परत आली. शेजारचा मुलगा मला कौतुकाने म्हणाला, "ही नेहमीच जिंकते."

घरी येऊन मी बायकोला हे सांगितलं. आधी तिचा विश्वास बसेना. मग ती स्वयंपाकघरातच खाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो. इतकी वर्षं ज्या पोरीसाठी आम्ही हळहळत होतो, ती दुपारची दोन जेवणं आणि वर बक्षीस म्हणून मिळवलेला मासा जेवत होती.

चार वाजताचं ताट बंद झालं. त्या जागी सफरचंद किंवा काकडी आली. सुट्टीच्या दिवशी नदीच्या बांधावर तिची सायकल पुढे, माझी मागे. पहिला आठवडा ती फुरंगटून बसली. आई फोनवर म्हणाली, "उपाशी मारताय का रे तिला?" मी जरा चिडूनच म्हणालो, "आई, मलाही थोडं उपाशी ठेवलं असतंस तर बरं झालं असतं." मग ती म्हणाली, "काकडीला मीठ लावून देत जा, म्हणजे खाईल."

बघता बघता थंडी सरली आणि आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. वजन होतं तिथेच होतं, उंची वाढली होती. डॉक्टर खूश झाल्या. मुलांचं हे बरं असतं, त्या म्हणाल्या, वजन धरून ठेवलं की उंची वाढून सगळं जागेवर येतं. मला इतकं हलकं वाटलं की मी दोनदा वाकून आभार मानले.

तेवढ्यात मुलीने त्यांना जपानीत विचारलं, "बाबांची उंची पण वाढेल?"

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, "नाही, बाबांची वाढून झाली."

बाहेर येऊन आम्ही सायकलींची कुलपं काढू लागलो. एरवी माझ्याशी जपानीतच बोलणारी ती मराठीत म्हणाली, "बाबा, मग तुला माझ्यापेक्षा जास्त सायकल चालवायला लागेल." मी हसणार होतो, पण तिच्याकडे पाहिलं तर तिचे डोळे भरले होते.

"चालवीन," मी म्हणालो.

"रोज," ती म्हणाली.