दिसतोय न्हवं मी?

"दिसतोय न्हवं मी?"

चौकात सायकलवरून उतरून, ट्रकच्या ड्रायव्हरकडं मान वर करून आक्का हे विचारायची. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखंच बोलतात, त्याचं ड्रायव्हरला काही वाटत नसे. पण साडीवर पिवळाधमक शर्ट चढवलेली, चाळिशीतली बाई पुढ्यात उभी राहून 'दिसतोय का' विचारते म्हटल्यावर तो गडबडून मुंडी हलवी. मगच आक्का पायडल मारी. मुंडी हलली नाही, तर ती जागची हलत नसे. मागं हॉर्नची वाजंत्री सुरू होई.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. शाहूपुरीतल्या एका छापखान्यात मी मशीनवर होतो, ती बाइंडिंगला. मूळची ती सीमाभागातली, म्हणून सगळ्यांची आक्का. दोघंही कळंब्याकडून सायकलनं यायचो, एवढंच आमच्यात साम्य. तिच्या सायकलला घंटी, आरसा, डायनॅमोचा दिवा, मागच्या मडगार्डला पांढरा पट्टा आणि त्यावर लाल काच. माझ्या सायकलला, देवाच्या कृपेनं, दोन चाकं होती. ब्रेकचं काम चप्पल करायची. सायकलला दिवा लावणं हा तेव्हा भित्रेपणाचा कबुलीजबाब समजला जाई, आणि आम्ही तर शूर होतो. अधूनमधून आमच्यातला एखादा शूर हात गळ्यात अडकवून कामावर यायचा. मग चूक रस्त्याची कशी होती, यावर आमचं एकमत व्हायचं.

वळताना आक्का हात बाहेर काढी. शहराला ही भाषा नवी होती. एकदा तिनं उजवीकडं हात केला, तर एक रिक्षा शेजारी येऊन थांबली. कुठं सोडू, म्हणून रिक्षावाल्यानं आदबीनं विचारलं. हात दाखवणं म्हणजे काय, हे आक्कानं त्याला नीट समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हात न दाखवता वळून गेला.

एका जेवणाच्या सुट्टीत तिनं माझा ब्रेक दाबून बघितला.

"ह्यो ब्रेक हाय का दागिना?"

उत्तराची वाट न बघता तिनं माझ्या सायकलीला स्वतःचं कुलूप घातलं. दोन दिवस मी घरी चालत गेलो. तिसऱ्या दिवशी ब्रेकचे रबर आणून तिच्यासमोर बसवले, तेव्हा किल्ली मिळाली. दिवा मात्र मी लावला नाही. थोडी मर्दानगी शिल्लक ठेवायला हवी होती.

हे सगळं कशापायी, ते तिनंच एकदा कागद दुमडता दुमडता सांगितलं. तिचा नवराही सायकलनं कामाला जायचा. उसाच्या ट्रॉलीखाली गेला. सहा फुटी माणूस, अंगात पांढरा सदरा, भर दुपार. ट्रॉलीवाला म्हणाला, दिसलाच न्हाई. तसंच कागदावर उतरलं आणि सगळ्यांचं समाधान झालं. त्यानंतर आक्का सायकल शिकली. माहेरच्यांनी तिला रस्त्यावर सायकल घालू नकोस म्हणून बजावलं होतं, पण चालत कामाची वेळ गाठता येत नव्हती, आणि उडता तर येतच नव्हतं.

ते ऐकून मी तिला हसायचं सोडलं. आठवडाभर.

उसाचे दिवस होते. एका संध्याकाळी अंधार पडता पडता मी कळंब्याच्या रस्त्यानं दोन्ही हात सोडून, शीळ घालत निघालो होतो. उतारावर पुढं एकाएकी उसाची भिंत उजळलेली दिसली. ब्रेक दाबले. चारपाच हातांवर थांबलो. चाक बसलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती, मागं दिवा नाही, लाल कापड नाही. कडेला आक्का. सायकल स्टँडवर लावून, उकिडवी बसून ती हातानं पायडल फिरवत होती. चाक फिरलं तरच डायनॅमो पेटणार. दिव्याचा झोत तिनं ट्रॉलीच्या पाठीवर धरला होता.

ड्रायव्हर जॅक आणायला गेला होता. जाताना तो तिला हसून गेला म्हणे. अर्धा तास झाला होता. मी पायडल हातात घेतलं. माझं धाडस गेलं होतं आणि त्या जागी नुसता राग होता. ट्रॉलीवाल्याची चाकरी कशाला करतेस, तीही तू, असं मी बोलून गेलो.

"ट्रॉलीसाठी करतोय व्हय मी? मागनं येनाऱ्यासाठी."

ड्रायव्हर येईपर्यंत मी पायडल फिरवत राहिलो. दुसऱ्या दिवशी डायनॅमो घेतला. छापखान्यात सगळे पोटभर हसले.

पुढं ऑफसेट आलं, बाइंडिंगची माणसं कमी झाली. आक्का लेकीकडं हुपरीला गेली. ही बाई एक दिवस रस्त्यावरच मरणार, असं आमच्यातल्या जाणकारांचं ठाम मत होतं. ती गेली अंथरुणात, साध्या तापानं, लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून. जाणकार सगळे मातीला आले होते. एक लंगडत होता.

लिंगायत रीतीप्रमाणे तिला सजवून, बसवून नेलं. ताठ, समोर तोंड करून. सगळा मोठा रस्ता आम्ही अडवला होता. मागं एस.टी. येऊन थांबली. ड्रायव्हरनं हॉर्नला हात लावला नाही. त्यानं इंजिन बंद केलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती वळणाआड जाईपर्यंत तो तिच्याकडं बघत राहिला.