फक्त चुका लिही

जासईच्या कंटेनर यार्डातला सर्व्हर सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. कामोठ्याहून तिथे पोचेपर्यंत ट्रेलरांच्या रांगेत अर्धा जीव जातो, उरलेला साहेबांसमोर. त्या दिवशी साहेबांनी मी यायच्या आधीच निकाल लावून ठेवला होता : गेटवरचे काका ट्रकच्या नोंदी करत नाहीत, त्यांना काढायचं.

काका गावातलेच. यार्डात जमीन गेली, तिच्या बदल्यात ही नोकरी. आता तीही गेली की काहीच उरत नव्हतं.

"मी यंट्री केलेली हाय, मॅडम," ते म्हणाले. "मागनं ती दिसत नाय."

खरं सांगते, मला कुणाचीच बाजू घ्यायचं त्राण नव्हतं. मला चहा हवा होता. पण नोंदी साठवणारा प्रोग्राम मागच्या मागे चालतो, पडद्यावर दिसत नाही. त्याचं काय चाललंय ते कळायला त्याचा लॉग, म्हणजे तो स्वतःच लिहीत जातो ती हकिकत, वाचावी लागते. उघडला तर जवळजवळ कोरा. डिस्क भरते म्हणून साहेबांनीच मागे फर्मान काढलं होतं : फक्त चुका लिही.

मी सेटिंग बदललं. बारीकसारीक सगळं लिही, प्रत्येक ओळीला वेळ लाव, आणि जुन्या फायली आपोआप पुसत जा, म्हणजे डिस्क भरायला नको. साहेबांना म्हटलं, चार दिवस थांबा. ते कुरकुरत थांबले.

लॉग वाचला आणि मी कपाळावर हात मारून घेतला. काकांची नोंद येत होती. प्रोग्राम ती थोडा वेळ हातात धरून मग साठवायचा, आणि तेवढ्यात कुणीतरी त्यालाच बंद करून पुन्हा चालू करायचं; हातातली नोंद तिथेच गळायची. आपल्याकडे मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सगळ्यावर हाच इलाज. रिपोर्ट हळू उघडला की साहेब तोच करत होते. हुकूम दर वेळी त्यांच्याच कॉम्प्युटरवरून. पुन्हा चालू होणं ही प्रोग्रामच्या हिशेबी चूक नाही, म्हणून जुन्या लॉगात ते कधी आलंच नव्हतं.

साहेबांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"बरं. काकांचं राहू दे. आणि हा लॉग पूर्वीसारखा करून टाका."

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते; आता फाशी रद्द, एवढंच. माफीबिफी काही नाही. मला संताप आला, पण भांडायचाही कंटाळा आला होता.

गेटवर जाऊन काकांना सगळं सांगितलं. नोकरी राहिली म्हटल्यावरही ते हसले नाहीत.

"मंग आता परत नुसत्या चुकाच लिवनार?"

"हो."

"म्हंजे आमी रोज बराबर काम करायचं, ते कुटंच लिवलेलं नसनार?"

मी परत आत गेले, चहा मागवला, तो थंड होईपर्यंत लॅपटॉप उघडा ठेवून बसले. जाता जाता साहेबांनी विचारलं, "केलं का?"

"केलं," म्हटलं. सेटिंगला मी हातही लावला नव्हता.