वहिनींनी जागा सोडू नये

बदलापूर गावातल्या भूपेशची बायको तेजस्वी हिला क्रिकेटचं वेड कधीच नव्हतं. विठ्ठलवाडीच्या चाळीत वाढलेली, उल्हासनगरला जीन्सच्या दुकानात बिलिंगला बसणारी, दिवसभर गिऱ्हाइकांशी हिंदीत आणि शेठशी नुसत्या डोळ्यांनी बोलणारी मुलगी. नवरा गावच्या टीमचा कॅप्टन, पण ती मैदानावर फिरकायची नाही. आठवा महिना सरत आला, बाळंतपणाची सुट्टी लागली, घरात जीव कंटाळला, म्हणून एका रविवारी टेनिस बॉलच्या टुर्नामेंटची मॅच बघायला गेली आणि फसली.

फसली, कारण त्या दिवशी हातातून गेलेली मॅच गावाने जिंकली. सेमीफायनललाही तेच. दोन्ही वेळा तेजस्वी मंडपाच्या डाव्या खांबाशी लाल प्लास्टिकच्या खुर्चीत, पाय विटांवर टेकवून बसली होती. झालं, गावाने ठरवून टाकलं की वहिनी तिथे बसली की आपण हरत नाही. फायनलच्या सकाळी दिराने, दिपेशने, ती खुर्ची जागेवर मांडली आणि दुसरं कुणी बसू नये म्हणून वर दोरी बांधली. "आठव्या म्हयन्यात मैदान कसला बघतंस," म्हणून आधी तोंड वाजवणारी सासू सखू आता सुनेचा दंड धरून वेळेआधी हजर होती.

फायनल अंबरनाथच्या टीमशी, आठ ओव्हरची. सून उन्हात बसलेली म्हणून सखूने तिला आधी नारळपाणी पाजलं, मग ताक, मग कोकम सरबत. एवढं पोटात गेल्यावर व्हायचं तेच झालं. गावाची बॅटिंग चालू असताना पाचव्या ओव्हरला तेजस्वीला जोराची लागली.

उठायला तिने खुर्चीचे हात धरले आणि गावाची विकेट पडली. ती बसली. जरा वेळाने पुन्हा अर्धवट उठली, पुन्हा विकेट. यानंतर योगायोग म्हणायची कुणाची हिंमत राहिली नाही.

"बाय, उठू नको गो," सखू कळवळून म्हणाली. "दोन ओव्हर कळ काढ."

"आई, बाळ नेमकं तिथंच दाबून बसलंय. नाही हो धरवत."

दिपेशने तोडगा काढला. चौघांनी वहिनीला खुर्चीसकट उचलायचं आणि मैदानामागच्या कमळाकरकाकांच्या अंगणातल्या बाथरूमपर्यंत न्यायचं. म्हणजे बसलेली ती बसलेलीच.

"खुर्ची हलली म्हंजे जागा हललीच ना रे, येड्या!" सखूने त्याला उडवून लावलं.

तेवढ्यात कॉमेंट्री करणाऱ्या विक्रांतपर्यंत बातमी पोचली. लाउडस्पीकर खरखरला: "भूपेशदादांच्या मंडळींना कमिटीतर्फे नम्र विनंती, कृपया जागा सोडू नये! वहिनी के लिए जोरदार तालियां!"

अख्ख्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. तेजस्वीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागही आला, पण रागापेक्षा भीती मोठी होती. कप गेला तर गावातल्या प्रत्येक हळदीत, प्रत्येक बारशात हेच ऐकावं लागणार, की ही मुतायला उठली आणि आपण हरलो. तिने दात आवळले आणि बसून राहिली.

शेवटचा बॉल आला तेव्हा चार रन हवे होते. स्ट्राइकला भूपेश. आणि अंबरनाथचा कॅप्टन फील्डिंग लावायला लागला. एकाला मागे पाठव, दुसऱ्याला पुढे बोलाव, मग पहिल्याला पुन्हा बोलाव. त्या मेल्याला कसली घाई असणार! इकडे बाळाने आतून एक लाथ हाणली.

तेजस्वी उठली. सखूने मनगट पकडलं.

"आई, आता मी इथं बसले ना, तर जे होईल ते विक्रांत माइकवर सांगेल. चालेल?"

सखूचा हात आपोआप सुटला.

"वहिनी उठल्या! वहिनी उठल्या आहेत!" विक्रांत किंचाळला. गाव हाय खाऊन बघत राहिलं. क्रीजवरून भूपेशने मान वळवली, बायकोची ती चाल पाहिली आणि बॅटनेच खूण केली, जा.

बाथरूमची कडी लावली आणि बाहेर एकच आरडाओरडा झाला. कोण ओरडतंय, आपले की अंबरनाथचे, काही कळेना. खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला काही फरकही पडत नव्हता. सुखाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर आली तर बेंजोवाल्यांची वाजवावाजव सुरू. भूपेशने सिक्स मारली होती.

"मना पयल्यापासून वाटत व्हता," सखू बायकांना ठासून सांगत होती, "ही बसून ऱ्हायली म्हनूनच रन अडकलेले!"

अकरा दिवसांनी रिद्धी झाली. पुढच्या वर्षी गाव पुन्हा फायनलला पोचलं आणि शेवटची ओव्हर आली, तशी सगळी मैदानभरची डोकी तेजस्वीकडे वळली. सखूने नात ओढून घेतली. "जा गो बाय, लवकर जा." तेजस्वीला अजिबात लागली नव्हती. तरी ती मुकाट्याने कमळाकरकाकांच्या अंगणात गेली, कडी लावली आणि पालथ्या बादलीवर पाय पसरून बसली. ना कुणी रडत होतं, ना कुणी हाका मारत होतं. वर्षभरात पहिल्यांदाच. बाहेर सहा बॉल उरले होते. एखाद-दोन वाइड पडावेत म्हणून तिने मनापासून हात जोडले.